बाबांची स्कूटर, ड्रेस्डेन मुक्कामी

ड्रेस्डेन,
रविवार, ९ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र येऊन चार महिने झाले आणि उत्तर आज लिहितोय, त्याबद्दल माफ कर. दर रविवारी फोनवर बोलतोच की, अशी सबब मी स्वतःला देत आलो. पण फोनवर तू जेवलास का विचारतेस, मी हो म्हणतो, मग अन्वीला बोलावलं जातं आणि वीस मिनिटं संपतात. सांगण्यासारखं सगळं राहूनच जातं.

आम्ही तिघं ठीक आहोत. कारखान्यात नवीन विभाग सुरू झाल्यापासून मी रोज सकाळी सहा वाजता कामाच्या पांढऱ्या झग्यात शिरतो आणि तीनला बाहेर येतो. ईप्सिताचं म्हणणं असं की घरी आल्यावर मी दुसरा वेश चढवतो. ते खरं आहे. तीन बटणांचा आखूड कोट, बोटभर रुंदीचा टाय आणि वर पार्का, म्हणजे टोपीचा ढगळ खाकी कोट. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी लंडनमधली मॉड म्हणवणारी पोरं असे कपडे घालून, आरसे लावलेल्या इटालियन स्कूटरींवरून नाचायला जायची. आमचं फेराइन, म्हणजे मंडळ, तेच आज ड्रेस्डेनमध्ये करतं. लेक असून अन्वी मला रस्त्यात पाहिलं की पलीकडच्या फुटपाथवर जाते. तिचा एकच शब्द असतो, पायनलिश. लाज आणणारं.

महिन्यातून एकदा जुन्या रेकॉर्डांवर नाच असतो. पाय नीट घसरावेत म्हणून लाकडी फरशीवर टाल्कम पावडर टाकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपला कॅरमच आठवला. आमचा अध्यक्ष टिलो ट्राम चालवतो. तो इथलाच, म्हणजे पूर्व जर्मनीतला. हे संगीत त्याने उशीखाली रेडिओ ठेवून ऐकलं. इटालियन स्कूटर त्याला बर्लिनची भिंत पडल्यावर मिळाली. इथे बसलेल्यांपैकी खरा मॉड एकही नाही, असं तो स्वतःच हसत सांगतो.

आता मुख्य बातमी. तू नाशिकहून पाठवलेल्या बाबांच्या स्कूटरला ऐतिहासिक वाहनाचा नंबर मिळाला! गाडी मूळ रूपात आहे असा तज्ज्ञाचा दाखला लागतो. तो माणूस दीड तास गाडीखाली पडून होता. डाव्या बाजूचा पोचा रंगाऱ्याने काढू म्हटलं होतं, मी काढू दिला नव्हता. तज्ज्ञाने पोच्यावरून बोट फिरवलं आणि जुन्या वापराची खूण म्हणून त्याची नोंदसुद्धा केली. गाडीच्या नोंदणी पुस्तकावर कोणा प्रभा नावाच्या बाईंचं नाव कसं, हेही त्याने विचारलं. तू सांगितलं होतंस तेच सांगितलं, की बाबांनी जुनी घेतली आणि नाव चढवायचं राहून गेलं. त्याला ते पटायला वेळ लागला. जर्मन माणूस आहे.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मोसमाची पहिली फेरी निघते. पहिल्या रांगेत फक्त इटलीत बनलेल्या गाड्या, असा मंडळाचा नियम आहे. इटालियन परवान्यावर भारतात बनलेली म्हणजे नक्कल, असं एक सभासद बैठकीत म्हणाला. ताई, मी उठलो. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, की ही कशाचीही नक्कल नाही. माझे वडील पद्माकर, पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपात शिकवायला वीस वर्षं याच स्कूटरवरून गेले, आणि याच फळीवर पुढे उभा राहून मी शाळेत गेलो. तुम्हा सगळ्यांचं हे सोंग आहे, माझं नाही, असंही बोलून गेलो. टिलोने चष्मा पुसला. मतदान झालं आणि पहिल्या रांगेत मधली जागा मला मिळाली.

फेरीच्या पुस्तिकेत माझी हकीकत छापणार आहेत. बाबांचा स्कूटरसोबतचा एखादा फोटो पाठव. ईस्टरच्या आठवड्यात पुस्तिका छपाईला जाते.

हो, आणि किक मारण्याआधी मी सवयीने गाडी एका अंगावर कलती करतो, ते पाहून आता निम्मं मंडळ कलती करायला लागलंय. त्यांना तो विधी वाटतो.

दाजींना नमस्कार. रागवायचं असेल तर रागव, पण पत्रातून.

तुझा,
हृषी

---

नाशिक,
३० मार्च २०२५, पाडवा

चि. हृषीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. यांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि पार्कापाशी थांबून विचारलं, की जर्मनीत एवढी थंडी आणि हा माणूस मुद्दाम स्कूटरवरून का हिंडतो. मी म्हटलं, हौस. बाबा स्कूटरवर बसायचे ते माकडटोपी आणि अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून, पायात गॅसचं सिलिंडर आणि मागे आई एका बाजूला बसलेली. त्यांना कोणी सांगितलं असतं की ही फॅशन आहे, तर त्यांनी मागे वळून पाहिलं असतं, कोणाबद्दल बोलताय म्हणून. आणि ते आरसे! लग्नाच्या घोड्याला एवढं मढवत नाहीत. अन्वीला म्हणावं, आत्या तुझ्या बाजूने आहे.

आज गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि आता हे लिहायला बसले. तीन कागद फाडलेत.

फोटो सोबत आहे. पाहण्याआधी पुढचं वाच. त्यात नंबर स्पष्ट दिसतो, एकतीस सत्तेचाळीस. तुझ्याकडच्या पुस्तकावर तो नंबर नाही. कारण ती बाबांची स्कूटर नाही, हृषी.

बाबा गेल्यानंतरच्या वर्षी आपली सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं. जागा आठ दिवसांत रिकामी करायची होती. ताडपत्रीखाली बाबांची स्कूटर सात वर्षं बसून होती, टायर जमिनीला चिकटले होते. माझ्याकडे ठेवायला जागा नव्हती. मी घाईत होते. भंगारवाला आला आणि मी ती देऊन टाकली. चूक माझी, दुसऱ्या कोणाचीही नाही.

मग पाच वर्षांनी तुझा फोन आला. तू मंडळात नुकताच जायला लागला होतास. बाबांची स्कूटर आहे ना गं, असं विचारताना तुझा आवाज भरून आला होता. बाबा गेले तेव्हासुद्धा तू माझ्यासमोर रडला नव्हतास. मला नाही म्हणता आलं नाही. मी आहे म्हणाले.

राजाभाऊ मेकॅनिक तुला आठवत असतील, बाबांची गाडी तेच बघायचे. त्यांच्या शेडमध्ये त्याच बनावटीची, त्याच आकाशी रंगाची एक होती. तीच घेतली. नाव चढवलं नाही ही गोष्ट मी रचली. तू फोनवर डाव्या बाजूच्या पोच्याबद्दल विचारलंस. मी पुन्हा राजाभाऊंकडे गेले. त्यांनी अर्धा दिवस नाही-नाही म्हटलं. सगळी हयात पोचे काढण्यात गेली ताई, आता पाडायला सांगता, असं म्हणत होते. शेवटी खालून गोणपाट लावून लाकडी हातोडीने हलकेच पाडला. तुझ्या जर्मन साहेबांनी त्याची नोंद केली हे राजाभाऊंना सांगितलं, तेव्हा ते हसावं की काय अशा चेहऱ्याने बघत राहिले.

ही गोष्ट मी तशीच ठेवली असती. पण तू भर बैठकीत उभा राहून ती सांगितलीस, आणि आता ती छापली जाणार. माझ्या थापेवर तुझी सही व्हायला नको.

तू रागावशील. रविवारी फोन केला नाहीस तरी मी समजेन. पण दोन रविवारांपेक्षा जास्त नको.

ईप्सिताला आणि अन्वीला आशीर्वाद. माया आहे ती आटणार नाही, तुझ्याकडूनही आटू देऊ नकोस.

तुझी,
शुभदाताई

---

ड्रेस्डेन,
ईस्टर सोमवार, २१ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र गुरुवारी मिळालं. काल फोन केला नाही. तो एकच रविवार, दुसरा होऊ देणार नाही.

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मी रागावलो होतो. तळघरात जाऊन स्कूटरकडे बघत बसलो. ईप्सिता खाली आली. ती म्हणाली की ताईंनी खोटी स्कूटर पाठवली हे तुला टोचतंय, की खोलीतल्या तीस माणसांना सोंग म्हणालास ते? मला वाटत होतं, तुझीच आठवण चुकत असेल. बाबांची गाडी भंगारात जाते आणि मला पत्ताही नसतो, असं होईलच कसं?

म्हणून मी त्या वर्षीची डायरी काढली. तुझी चूक शोधायलाच काढली होती, हे लपवत नाही. तारीख सापडली. ऑक्टोबरमधला एक मंगळवार. माझ्याच अक्षरात तीन ओळी आहेत, जशाच्या तशा उतरवतो. ताईचा फोन. स्कूटर माझ्याकडे पाठवू का, की नाशकातच कुठे ठेवू, विचारत होती. रडत होती. भंगारात देऊन टाक म्हटलं, मीटिंगला उशीर होत होता.

ताई, मला यातलं एक अक्षरही आठवत नव्हतं. पाच वर्षांनी ती आहे ना, असं मी तुला विचारलं, तेव्हा तू एका शब्दात सांगू शकली असतीस, की तूच दे म्हणालास. तेव्हा सांगितलं नाहीस, आणि पाडव्याच्या पत्रातही नाही. उलट चूक तुझी, दुसऱ्या कोणाचीही नाही, असं लिहिलंस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाचवायलाच तू ते लिहिलं होतंस ना?

मी रोज डायरी लिहितो आणि स्वतःला प्रामाणिक समजतो. दिवसभरातलं जे टोचतं ते वहीत उतरवलं की झालं, अशी माझी सवय आहे. उतरवलं की विसरायला मोकळा. तू वही ठेवत नाहीस, म्हणून सगळं तुझ्याजवळ राहिलं.

फोटो पाहिला. बाबांच्या मागे तू बसली आहेस, दोन वेण्या, तोंड फुगवलेलं. मी पुढे फळीवर उभा आहे असा फोटो येणार, असं मी सगळ्यांना सांगत होतो. मी फोटोत नाहीच. गाडी चालवायला बाबांनी पॉलिटेक्निकच्या मैदानावर तुला शिकवलं होतं, हेही आठवलं. खरं तर बैठकीत उभं राहून बोलायचा हक्क तुझा होता.

अन्वीने तुझं पत्र मागून घेतलं. तिला वाचायला वेळ लागतो, शब्द विचारत विचारत तिने दोन तास घालवले. हातोडीचा भाग तिने दोनदा वाचला आणि चक्क मराठीत म्हणाली, की आत्याने तुझ्यासाठी पोचा पाडला. मग विचारलं, प्रभा कोण? राजाभाऊंना ठाऊक असेल तर विचारून कळव. एका बाईने त्या काळात नाशकात एवढी जड स्कूटर चालवली असेल, तर अन्वीला तिच्याबद्दल सगळं ऐकायचं आहे.

गाडी मी ठेवणार आहे. तू शोधलीस, ती माझी आहे. पण पहिल्या रांगेची जागा बाबांच्या नावावर मिळाली होती, ती मला ठेवता येणार नाही. ते मला मंडळातून काढणार नाहीत बहुधा. पण ज्यांना सोंग म्हणालो, त्यांच्याशी पुन्हा डोळ्याला डोळा देऊन बोलता आलं पाहिजे. भीती वाटते आहे. तू तीन कागद फाडलेस. मी पाच.

दाजींना नमस्कार. तुझा लोभ कशाकशाला पुरून उरतो ते आता कळलं. यापुढे त्याची एवढी परीक्षा घेणार नाही.

तुझा,
हृषी

ता. क. हे या वेळी वहीत न लिहिता तुला लिहून ठेवतो. पुस्तिका बुधवारी छपाईला जाते. उद्या: टिलोची पाळी दोन वाजता सुटते, ट्राम डेपोच्या दारात उभं राहून त्याला सगळं सांगणे.