शिडीची मोटारसायकल

प्रिय मुंगे,

मी मोटारसायकल घेतली हे ऐकून तू फोनवर इतकी हसलीस, की पुढचं सांगायचं राहूनच गेलं. हसून घे. पण या सगळ्याची सुरुवात तुझ्याच एका वाक्यापासून झाली आहे. कुठलं वाक्य, ते शेवटी सांगते. पत्रात मला मधे तोडायला कोणी नसतं, हा माझा फायदा. तुला मात्र सगळं वाचावं लागणार.

वय एक्कावन्न, उंची सहा फुटाला अर्धा इंच कमी, नोकरी ग्रंथालयात आणि दुचाकीचा अनुभव शून्य. आई म्हणते, मी शिंगं मोडून वासरांत शिरले. दादा म्हणाला, "हाडं मोडून घेशील आणि धावायचं मी. त्यापेक्षा छोटी कार घे. चार चाकं, वर छप्पर, दारं लावली की निवांत." मी म्हटलं, छप्पर नको आणि दारंही नकोत. का नकोत, ते सांगितलं नाही. कर्मचारी संघटनेच्या सभांत तीस वर्षं मी न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं देत आले, तीच मी एका साध्या प्रश्नावर गप्प बसले, तेव्हा तो घाबरलाच. आईला बाजूला घेऊन विचारत होता, हिची तब्येत बरी आहे ना?

आईचं खरं खरं लिहिते, कारण फोनवर ती शेजारीच बसलेली असते. डावा डोळा गेल्या वर्षी गेला. उजव्यात मधोमध बशीएवढा तुकडा उरला आहे. डॉक्टरांनी सहा महिने म्हटलं होतं, त्यातले दोन संपले. खुबा बसवल्यापासून अर्ध्या तासापलीकडे तिला गाडीत बसवत नाही, त्यामुळे तिला कुठे नेताही येत नाही. ती खिडकीपाशी खुर्चीत बसते आणि समोर जे येईल तेवढं बघते. मी उभी राहिले की तिला माझा कमरेचा पट्टा दिसतो. परवा म्हणाली, "अगं, तुझं तोंड कितव्या मजल्यावर आहे?" आता मी रोज तिच्यासमोर गुडघे टेकून बसते, म्हणजे माझा चेहरा त्या बशीत येतो. तुला तीन वर्षांत तिने पाहिलेलं नाही. ही तक्रार नव्हे. जे आपण दोघी फोनवर बोलत नाही, ते एकदा लिहून टाकलं एवढंच.

तर गाडी. पहिल्या दुकानात विक्रेत्याने मला पाहिलं आणि तडक स्कूटरपाशी नेलं. मी बसले. हँडल वळवलं तर ते माझ्या गुडघ्यावर आपटून थांबलं, म्हणजे मला आयुष्यभर सरळच जावं लागलं असतं. मी मोटारसायकलींकडे बोट केलं. तो म्हणाला, "मॅडम, मिस्टर येणार आहेत का बघायला?" मग काय विचारतेस! बाईचे पाय किती इंचापर्यंत लांब असायला परवानगी आहे, ती देणारं कार्यालय कुठे आहे आणि त्याच्या दुकानात माणूस मोजून गाडी देतात की मिशी मोजून, हे मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. दोन गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. मी ताठ मानेने बाहेर आले आणि बसस्टॉपवर येऊन पोचल्यावर लक्षात आलं, की टाळ्या मिळाल्या पण गाडी एकही नीट बघितली नाही. माझं हे नेहमीचंच आहे. तुझ्याइतकं ते कोणाला माहीत?

दुसऱ्या दुकानात तोंड बंद ठेवलं. तिथल्या माणसाने एक बुटकी, रुंद, काळी कुळकुळीत गाडी दाखवली. उंच माणसाला जड गाडीच शोभते, म्हणाला. बसले तर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले. मला वाटलं, जमलं! आगाऊ नोंदणी करायला पेनसुद्धा काढलं होतं. पण ग्रंथालयाच्या मागे गॅरेज आहे ना, तिथल्या वस्तादांना आधी विचारावं म्हटलं. वस्ताद म्हणजे साठीचे मेकॅनिक. आमच्याकडून रहस्यकथा नेतात आणि ग्रीसचे ठसे उमटवून परत करतात. ते म्हणाले, "ताई, पाय टेकतात का, हा बुटक्यांचा प्रश्न. तुमचा प्रश्न गुडघ्याचा. सीट आणि पाय ठेवायचा दांडा यांच्यात अंतर किती? गुडघा मोकळा राहतो की दुमडतो? आणि बसून बघायचं तर अर्धा तास बसा. दोन मिनिटांत काय, गाडी सगळ्यांनाच आवडते. नवऱ्यासारखी."

मी दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन पुन्हा त्या दुकानात गेले. त्यांना गाडी मोठ्या स्टँडवर लावायला सांगितली, पाय दांड्यांवर ठेवले आणि वाचायला लागले. सगळं दुकान टकामका बघत होतं. बाराव्या पानावर मांड्या भरून आल्या. विसाव्या पानावर गुडघे पोटाशी आणि पाठीचं धनुष्य. तिसाव्या पानावर उतरायला गेले तर उतरताच येईना, दोघांनी धरून उतरवलं. बघ ना, जमिनीवर पाय पोचतात एवढ्यावरच आपण खूश असतो. आयुष्यभर मला सगळ्यांनी हेच सांगितलं. फोटोत मागे उभी राहा, दारातून वाकून जा, बाकावर पाय आत घे. मावलीस ना, मग झालं. मी ठरवलं, आता मावायचं नाही.

तिसरी गाडी उंच टाचांची होती म्हण ना. खडबडीत रस्त्यांसाठी असते तसली. बसले मात्र, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. गुडघे सैल, कोपरं सैल, पाठ ताठ. पन्नास वर्षांत पहिल्यांदा एखाद्या वस्तूने मला आवर म्हटलं नाही. पण तीही मी नाकारली. सूची करणारी माझी सहकारी आहे ना, चार फूट दहा इंचांची, तुझ्याच मापाची, तिला मी सोबत नेलं होतं आणि मागे बसायला सांगितलं. मागचं सीट चढावर, धरायला काही नाही, पाय ठेवायचा दांडा तिच्या कमरेपर्यंत. तीनदा प्रयत्न करून ती म्हणाली, "बाई, मी काय छपरावर चढू? आणि गाडी तुझी आहे ना? मग मला कशाला चढवतेस?" तिलाही सांगितलं नाही. दुकानदार तर हात जोडायच्याच बेतात होता. उंच माणसाला बसेल अशी हवी आणि मागे बुटक्या माणसाला चढता येईल अशीही हवी! म्हणाला, "मॅडम, एक काहीतरी ठरवा." मी म्हटलं, दोन्ही ठरवलं आहे. आणि भाषण न करता निघाले. नोंद घे.

शेवटी गाडी मिळाली ती वस्तादांकडेच. एका सर्व्हेयरची सात वर्षं वापरलेली, साधी, सरळ बसायची, रंग उडालेल्या विटेसारखा. चालवणाऱ्याच्या सीटखाली आम्ही दीड इंच जादा फोम भरून घेतला, हँडलखाली धातूचे तुकडे घालून ते उचललं आणि मी त्यावर अर्धी कादंबरी वाचली. गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. मागचं सीट मात्र जसंच्या तसं, सपाट आणि खाली. त्याला दोन्ही बाजूंनी धरायची कडी आणि डाव्या अंगाला एक जादा पायरी जोडून घेतली. वस्ताद म्हणाले, "मागे पेटी लावू या, बसणाऱ्याच्या पाठीला टेकू होईल." मी म्हटलं, मागचं सगळं उघडं राहू दे. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. रहस्यकथा वाचणाऱ्या माणसाचा हा फायदा.

मग शिकणं. शाळेच्या मैदानावर रोज सकाळी सहा ते सात. पहिल्या आठवड्यात चार वेळा पडले. गाडी उचलायला वाकले की पोरी कुंपणाबाहेरून ओरडायच्या, "आजी, उठा उठा!" आजी! त्यांच्यावर भाषण करायला तोंड उघडलं, पण हेल्मेटमध्ये आपलंच बोलणं आपल्याच कानांत घुमतं. तेव्हा कळलं, लोक इतकी वर्षं काय सहन करत होते. परीक्षेला आठचा आकडा काढला, पाय न टेकता. परीक्षक म्हणाले, तुमचे पाय इतके लांब, की टेकले असते तरी मला वाटलं असतं तुम्ही पार्क केली. पण पास केलं.

गेल्या दोन रविवारी मी तुझ्या गावापर्यंत येऊन गेले. रागावू नकोस, दोन्ही वेळा वेशीवरच्या पाण्याच्या टाकीपासून परत फिरले. मला रस्ता बघायचा होता. मोठ्या रस्त्याने एकशे वीस किलोमीटर आहे, पण मधे बोगदा आहे. म्हणून डोंगरावरून जाणारा जुना रस्ता घेतला, अठरा किलोमीटर जास्त. कुठे सावली आहे, कुठे थांबता येतं, कुठे ट्रक अंगावर येतात, सगळं वहीत लिहिलं आहे. थांबायला अकरा जागा सापडल्या.

आता जे लिहायचं ते लिहिते. तीन वर्षांपूर्वी तुझी बस उलटली, दार खाली दबलं आणि तू दोन तास त्या अंधारात होतीस. तुला फक्त खरचटलं, म्हणून आम्ही सगळे नशीब, नशीब म्हणत राहिलो. त्यानंतर बंद दाराआड तुझा श्वास अडकतो, हे मला पुस्तकांतून माहीत होतं. तरी दादाच्या कारमध्ये मी तुला बळेबळे बसवलं. चौथ्या किलोमीटरला तू काचेवर मुठी मारायला लागलीस. गाडी थांबवली, तू रस्त्याच्या कडेला बसून धापा टाकत होतीस आणि मी, तुझी मोठी बहीण, तुझ्यासमोर उभी राहून इच्छाशक्तीवर बोलले. आई वाट बघते आहे म्हणाले. मनात आणलं तर माणूस काय करू शकत नाही, म्हणाले. तू उठलीस आणि चार किलोमीटर चालत घरी गेलीस. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात पाठ झालेलं आणि सगळ्यात नीच भाषण होतं. मी चुकले, मुंगे. चूक तुझ्या धैर्यात नव्हती, गाडीत होती. जिच्यात तू बसत नव्हतीस ती गाडी बदलायची सोडून मी तुला बदलायला निघाले होते.

आणि तुझं ते वाक्य. मार्चमध्ये फोनवर तू सहज सांगितलंस की तुझ्या शाळेच्या पायरीवर पाय मुरगळला, पोस्टमनने मोपेडवर मागे बसवून दवाखान्यात नेलं आणि "वारा काय लागत होता गं, मजा आली!" पुढचं मी काही ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या दुकानात होते. तेव्हा ऐक. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी तुझ्या फाटकाशी येईन. हेल्मेट दोन आहेत, तुझं उघड्या तोंडाचं आहे, पुढे काच नाही. लहानपणी माळ्यावरचे डबे काढायला माझ्या अंगावर चढायचीस तसंच चढायचं, डावा पाय पायरीवर, हात माझ्या खांद्यावर, आणि वर. यावंसं वाटलं नाही तर तुझ्या पायरीवर चहा पिऊन मी परत जाईन, एक शब्द बोलणार नाही, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा येईन. निघालोच, तर वाटेत जिथे छाती भरून येईल तिथे माझ्या पाठीवर दोन थापा मार. मी थांबेन. अकरा जागा आहेतच, बाराव्यालाही थांबेन. आईला मी काही सांगितलेलं नाही. फक्त तिची खुर्ची मापून ठेवली आहे. तू तिच्यासमोर उभी राहिलीस ना, की गुडघे न टेकता तुझा चेहरा बरोब्बर त्या बशीत येतो.

रविवारी सातला फाटकाशी असलेली,
तुझीच,
शिडी