मशीनच्या खणातली तारीख

बाबा,

त्या सोमवारी आईने स्वतःचा ड्रेस कमरेत तिसऱ्यांदा सैल केला. "शिंपिणीचंच पोट सुटलं," असं तुम्ही चिडवलंत, तीही हसली. मंगळवारी रक्ताची उलटी होऊन ती गेली.

आज तिच्या शिलाई मशीनच्या खणात डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. यकृत आणि प्लीहा वाढलेत, सोनोग्राफी ताबडतोब करा. तारीख चार महिन्यांपूर्वीची, आणि वर तुमच्या अक्षरात 'सवडीने'.

मी मावशीकडे राहायला जातेय. भाजी फ्रीजमध्ये आहे. मला फोन करू नका.

कमरेला टेप तिन्ही वेळा मीच लावली होती. हे लिहायला बसण्याआधी त्या मशीनसमोर उभी राहून मोठ्याने म्हणाले, "आई, हातपाय वाळलेत आणि पोटच वाढतंय. चल, आत्ताच दवाखान्यात जाऊ."