भोंग्यातला आवाज

आई, तुला लांबूनच नमस्कार करते.

मी ठणठणीत आहे. घसा तेवढा बसलाय. दिवसभर गाडीवरच्या भोंग्यातून ओरडल्यावर दुसरं काय होणार!

साथ सुरू झाल्यापासून मी याच भोंग्यातून "घराबाहेर पडू नका" सांगत होते. आता तोच आवाज "बाळांना लसीला आणा" म्हणतो, तर लोक कसे ऐकतील? काल एका बाईने खिडकीतूनच मला फैलावर घेतलं. "बाहेर पडू नका म्हणणाऱ्या तुम्हीच ना? एकदा काय ते ठरवा!"

मी म्हटलं, "हो ताई, मीच. साथ आहेच अजून, पण गोवर काही तिच्यासाठी थांबत नाही. समोर शाळेच्या पटांगणात नर्स बसल्यात, गर्दी अजिबात नाही. या."

ती आली. कडेवर साथीतच जन्मलेली मुलगी, उघड्यावर आल्यामुळे बावरलेली. सुई टोचली तसं तिनं भोकाड पसरलं. मी भोंग्याशिवायच म्हटलं, "झालं हं, झालं." ती गप्पकन थांबली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

बाई म्हणाली, "ओळखलं तिनं तुम्हाला. आमच्या नि तुमच्या भोंग्याशिवाय दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकलाय कुठे तिनं?"

आई, अंगावर काटा आला माझ्या. तिच्या जन्मापासून मी रोज त्या घरात जात होते आणि मला पत्ताच नव्हता!

माझ्या छकुलीची लस झाली का गं? राहिली असेल तर उद्याच ने. आणि माझा फोन आला की तिच्या कानाशी धर. आवाज बसलाय माझा. तरी ओळखेल ना ती?

तुझीच,
लेक