संध्याकाळचा वेढा

प्रिय बाबा,

आज तुमच्या रेडिओचा अँप्लिफायर न्यायला तुमचे वर्तकनगरचे रेडिओमित्र अण्णा आले होते, आणि तो न घेताच परत गेले. म्हणून लिहितेय. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील.

त्यातली तांब्याच्या नळीची कॉइल तुम्ही आईच्या लाटण्यावर गुंडाळली होतीत, आठवतं? केवढी चिडली होती! "आता पोळ्या काय तळहातावर लाटू?"

दिवसा रेडिओवर परदेशी मित्रांशी बोलताना तारेची क्लिप कॉइलच्या कमी वेढ्यांवर लावायचात. दिवेलागणीला लांब रेडिओलहर लागायची, मग जास्त वेढे. त्या संध्याकाळच्या वेढ्याला तुम्ही लाल दोरा बांधलेला. आई देवापाशी दिवा लावायची आणि तुम्ही क्लिप हलवायचात.

"आत हात घालण्याआधी अर्थिंगची काठी टेकवायची, मंजू. बंद केला तरी आत वीज दबा धरून बसते." किती वेळा ऐकवलंत! आणि त्या संध्याकाळी स्वतःच विसरलात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! अजून राग येतो मला तुमचा. आई धावत आली तेव्हा तुम्ही खाली पडला होतात आणि क्लिप दिवसाच्याच वेढ्यावर होती.

तुम्ही गेलात तेव्हापासून प्लगसुद्धा काढलेला आहे. आज दुपारी अण्णांनी झाकण उघडलं, तर क्लिप लाल दोऱ्यावर!

"कोणी हात लावला गं याला?"

कोणीच नाही. अण्णांनी ती दिवसाच्या वेढ्यावर परत लावली. खोपटहून टेम्पो यायचा होता, म्हणून आम्ही बाहेर चहा घेत बसलो. टेम्पो आला तेव्हा दिवे लागले होते. आत गेलो, तर क्लिप पुन्हा लाल दोऱ्यावर. मी बोट लावलं. तांबं कोमट होतं, बाबा. अण्णा चपला हातात घेऊनच जिना उतरले.

आई देवापुढून उठलीसुद्धा नाही. "राहू दे गं. रोजचंच आहे. त्यांची वेळ झाली की हलवतात."

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली. पण त्याहून जास्त काळजी वाटली. रोज संध्याकाळी तुम्ही पुन्हा आत हात घालताय, आणि काठी आपली दारामागे खिळ्याला!

अँप्लिफायर आता घरातून हलणार नाही. रोज आईचा दिवा लागायच्या आधी मी स्वतः काठी टेकवून ठेवीन. तोवर हात घालू नका, बाबा. एवढं तरी ऐकाल ना?

तुमची,
मंजू