घाणेरीतली सत्तावीस अंडी

मी, मथुराबाई, कै. दामोदर इंगळे यांची पत्नी, वय चव्वेचाळीस, राहणार व्हाइटफील्ड, बेंगळूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. येत्या सोमवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन मात्र गोंधळलेले आहे. ते लपवून सही करणार नाही. माझ्यावर कुणाचेही दडपण नाही. धाकटा भाऊ येसाजी याने आणून पाहिले, ते चालले नाही.

कलम १. माझे दागिने व पुस्तके येसाजीची मुलगी अहल्या हिला. पुस्तकांत जागोजागी ठिपक्यांची पिसे खुणेला ठेवली आहेत, ती झटकू नयेत.

कलम २. राहते घर व भोवतीची दोन एकर बाग तानूबाईला, असे काल लिहिले होते. आज खोडले. का, ते पुढे येईल.

कलम ३. तानूबाई मूळची निपाणीकडची. नऊ वर्षे तिने माझ्या गिनी कोंबड्या सांभाळल्या. ही पाखरे अंडी भरपूर घालतात, पण उबवायचा धीर त्यांना नसतो. अंडी खुडूक बसलेल्या गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात. घरट्याला माणसाचा हात लागला की जागा सोडतात, म्हणून तानूबाई लांब दांड्याच्या पळीने अंडी काढी.

१९६०च्या श्रावणात अंडी मिळेनाशी झाली. ती म्हणे, "अक्का, जागा बदललीया त्यांनी. गावंना कुठं." येसाजी म्हणाला, "रोज पळी घेऊन जाते, रिकामी येते. स्वल्प विचार कर, अक्का." मी विचार केला नाही. तिला विचारले, "तानूबाई, अंडी कुणाला विकतेस?"

तिने पळी उंबऱ्यावर ठेवली आणि के. आर. पुरमला लेकीकडे निघून गेली.

बाराव्या दिवशी कोंबड्यांनी घाणेरीच्या जाळीभोवती रिंगण धरून आकांत मांडला. साप असेल म्हणून मी काठी घेऊन गेले. हातभर लांबीची घोरपड होती, तोंडात अंडे. तिने माझ्याकडे पाहिले, सावकाश गिळले आणि गेली. मागे सत्तावीस अंडी उरली होती. घोरपडीचा राग आला नाही. कुणाचा यावा तेच कळेना.

के. आर. पुरम आगगाडीने जवळच. अडीच वर्षांत मला जाता आले नाही. घर तिच्या नावावर केले की तिच्याशी बोलावे लागणार नाही, असे कुठेतरी वाटले असावे.

कलम ४. आज निरोप धाडून तानूबाईला बोलावले व कलम २ वाचून दाखवले. येसाजी हजर होता. "कोंबड्यांच्या बाईला घर? अक्का, डोकं सरी आहे ना, ठिकाणावर?" असे तो म्हणाला.

तानूबाईने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "मला नगं, अक्का. लोक म्हणत्याल, आधी अंडी पचली, आता घर गिळलं. मी चोरली न्हाईत, एवढं लिवा. खाली माझा अंगठा घ्या."

मी सांगितले की ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष करू नये, असे वकिलांनी बजावले आहे. अंगठा केलास तर घर जाईल.

"जाऊ द्या की."

म्हणून लिहिते: तानूबाईने एकही अंडे चोरले नाही. तिच्यावर आळ मी घेतला, आणि खरे कळल्यावरही गप्प बसले.

कलम ५. घर व बाग येसाजीला. घाणेरी तोडू नये. त्याला तिथे द्राक्षे लावायची आहेत. तो ऐकेल असे वाटत नाही, तरी लिहिते.

कलम ६. कोंबड्या मृत्युपत्रात घालत नाही. आज, जिवंतपणीच, तानूबाईला देऊ केल्या. तिने हो म्हटले नाही. "खुडूक किती हायत?" एवढेच विचारले. तिने मला माफ केले की नाही, ते मला समजलेले नाही. विचारायचा हक्क आहे की नाही, तेही नाही.

येणेप्रमाणे लिहिले ते माझ्या इच्छेने, खाडाखोडीसह.

मुक्काम व्हाइटफील्ड, बेंगळूर
२२ फेब्रुवारी १९६३

सही: मथुराबाई इंगळे

साक्षीदार:
१. आप्पाजी माने, निवृत्त पोस्टमास्तर, शेजारी.
२. तानूबाई, डाव्या हाताचा अंगठा. सर्व मजकूर वाचून दाखवला. कलम ४ तिने दोनदा वाचायला लावले. दुसऱ्या वेळी येसाजीला.