चंद्राच्या लेखाखालचं नाव

२ फेब्रुवारी

कोशाच्या ऑफिसातून फोन! मुलांचा विज्ञानकोश अकरा वर्षांनी पुन्हा छापतायत. संपादिका नवी आहे, आवाजावरून तिशीची. ह्यांचे एकतीस लेख तसेच ठेवणार. बत्तिसावा नाही — चंद्रावरच्या चुंबकत्वाचा.

"काकू, तो चुकलेलाच आहे ना. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. मग खाली नाव त्यांचं येईल."

म्हणजे ह्यांचं जाईल. मी म्हटलं, मीच दुरुस्त करून देते. पलीकडून, "तुम्ही?" — वाईट हेतूने नव्हे. मॅट्रिकच्या पुढे न गेलेली बाई फोनवरही ओळखू येत असावी. अठ्ठावीस तारखेपर्यंत मुदत दिली. त्यांचे प्राध्यापक तपासतील. त्यांनी होकार दिला तर ह्यांचं नाव राहील.

३ फेब्रुवारी

लेख काढून वाचला. एकच पान. शेवटचं वाक्य — "चंद्रावरील हे चुंबकीय प्रदेश धूमकेतूंच्या आघातांमुळे निर्माण झाले आहेत."

ह्याच वाक्यावरून तेव्हा गहजब झाला. कुणी तरी वर्तमानपत्रात लिहिलं, जगात ज्याचं उत्तर अजून कुणाला ठाऊक नाही ते ह्या गृहस्थांनी मुलांना पाठ करायला दिलं. पुढच्या खंडांचं संपादन ह्यांच्याकडे यायचं होतं. आलं नाही. ह्यांनी बूट घातले आणि रोजच्यासारखे फिरायला गेले.

ऑफिसात ह्यांना 'बहुतेक' म्हणायचे! चहा घेणार का विचारलं तरी उत्तर "बहुतेक". असला माणूस नेमका इथेच कसा छातीठोक झाला? ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. राग म्हणाल तर एवढ्या एकाच गोष्टीचा आहे.

५ फेब्रुवारी

लायब्ररीतून तीन पुस्तकं. त्यातलं एक इंग्रजी. ग्रंथपाल हसून म्हणाले, "नातवासाठी का?" म्हटलं, "नाही, नवऱ्यासाठी." त्यांनी उगाच शिक्का दोनदा मारला.

८ फेब्रुवारी

एवढं कळलं. पृथ्वी म्हणजे एकसंध मोठा चुंबक. होकायंत्र कुठेही न्या, चालतं. चंद्र तसा नाही. तिथे चुंबकत्व आहे, पण तुकड्यातुकड्यांनी — इथे थोडं, तिथे थोडं, मध्ये काहीच नाही. जोरही बेताचा, आपल्या पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याएवढाही नाही. माणसं तिथे उतरली तेव्हा यंत्रांनी मोजलं. मग वरून फिरणाऱ्या यानांनी नकाशे केले.

काही तुकड्यांवर जमिनीत पांढुरके वळसे दिसतात. सांडलेलं दूध बोटाने फिरवावं तसे. उंच नाहीत, खोल नाहीत, नुसता रंग. सूर्याकडून सतत बारीक कणांचा मारा होतो आणि त्याने चंद्राची माती काळवंडते. जिथे चुंबकत्व आहे तिथे ते छत्रीसारखं आड येतं, म्हणून खालची माती उजळ राहिली — असं मानतात. 'मानतात' हा शब्द मी पुस्तकातून घेतलाय, माझा नाही.

१० फेब्रुवारी

स्वयंपाकघरात प्रयोग केला. चुंबकावर घासलेली सुई चिमट्यात धरून गॅसवर लालभडक केली. निवल्यावर टाचणी उचलते का पाहिलं. नाही! सगळं गेलं. दुसऱ्यांदा लाल केली, पण निवताना शेजारी चुंबक ठेवला. मग चुंबक पार बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला. सुईने टाचणी उचलली. जेमतेम, पण उचलली.

तेवढ्यात नणंद आली. ती खालच्याच मजल्यावर राहते, दार वाजवत नाही.

"वहिनी, सुया भाजतेस? आणि तोंडी लावायला काय, दोरा?"

सगळं समजावलं. चंद्राच्या पोटात कधी काळी वितळलेलं लोखंड घुसळत होतं, त्याने तो चुंबक झाला होता. तेव्हा निवलेल्या खडकांनी ते चुंबकत्व धरून ठेवलं. पोटातलं घुसळणं केव्हाच थांबलं. खडकांतलं राहिलं.

"चंद्रावर राहिलं म्हणे! माझ्या फ्रिजवरचा चुंबक आठवड्यात खाली पडतो."

ती गेल्यावर सुईबद्दल काहीबाही मनात आलं. लिहीत नाही. खडक तो खडक.

१३ फेब्रुवारी

दिवसभर एकच पान. कळलं नाही.

१४ फेब्रुवारी

आज कळलं! म्हणजे कुठे अडलंय ते कळलं. चंद्राचा गाभा अगदी एवढासा. त्याने इतक्या खडकांना पुरेल एवढा जोर आणला कुठून, आणि इतका काळ टिकवला कसा? इथे सगळे अडतात. म्हणून कुणी म्हणतं, चुंबकत्व धरणारं लोखंड चंद्राचं नाहीच. आदळलेल्या अशनींनी आणून टाकलं. कुणी म्हणतं, जमिनीखाली शिरून गोठलेला लाव्हा आहे. बरेच तुकडे चंद्रावरच्या मोठमोठ्या खळग्यांच्या बरोब्बर उलट बाजूला सापडतात, त्यावरून आघाताचा धक्का तिकडे जाऊन पोचला असंही म्हणतात. आणि धूमकेतूंची बाजू घेणारेही आहेत. म्हणजे हे अगदीच चुकले नव्हते. शंभर जणांच्या सभेत एकाचंच ऐकून घरी आले, एवढंच.

पण का?

१७ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, बाबा गेले. एका लेखाखाली नाव राहिलं काय, गेलं काय, त्यांना कळणारे का?"

"त्यांना नाही. मला कळेल."

ती थोडी नरमली. "मग एक काय ते कारण धर आणि लिहून टाक. मुलांचं पुस्तक आहे."

म्हटलं, तुझ्या बाबांनी तेच केलं होतं. ती हसली. मलाही हसू आलं. चार वर्षांत ह्यांच्यावर आम्ही दोघी मिळून पहिल्यांदाच हसलो.

२० फेब्रुवारी

लेख झाला. वरचं सगळं ह्यांचंच ठेवलं, शेवटचं वाक्य काढून माझा परिच्छेद घातला. "ह्याचं कारण अजून नक्की ठाऊक नाही" असं सुरुवातीलाच.

मग सुवाच्य नक्कल केली. ह्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. छापखान्यातल्यांनी हात टेकले होते. म्हणून सव्वीस वर्षं ह्यांच्या प्रत्येक लेखाची नक्कल मी केली. छापखान्याचा नियमच असतो — कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं. ह्यांचं एका बाजूला, माझंही एका बाजूला. मला विषय कळत नसे, पण स्वल्पविरामसुद्धा कधी सुटला नाही. सगळे वाखाणायचे.

लेख पाठवताना संपादिकेला विचारलं, ह्यांची मूळ प्रत ऑफिसात असेल का? कुठल्या पुस्तकावरून लिहिलं ते त्यात टिपलेलं असायचं. एवढं एक पाहायचंय — कुणाचं ऐकून फसले.

२५ फेब्रुवारी

प्राध्यापकांनी होकार दिला. एकही खूण न करता! संपादिका म्हणाली, "काकू, शेवटचा परिच्छेद कुणी लिहिला असं विचारत होते ते." ह्यांचं नाव राहणार. नणंदेला सांगितलं तर म्हणाली, "बघ, सुया वाया गेल्या नाहीत."

शांत झोपेन आज.

२७ फेब्रुवारी

ऑफिसात गेले होते. जुन्या फायली सांभाळणाऱ्या गृहस्थांनी मूळ प्रत काढून ठेवली होती. शेवटचा कागद उलटला. का उलटला, कोण जाणे. मागे पाच ओळी, ह्यांच्या अक्षरात. ते धूमकेतूंचं वाक्य मागच्या बाजूला पुढे चालू होतं — "असे काही जण मानतात. परंतु कारण अजून निश्चित नाही..." पुढे सगळ्या शक्यता. पुढच्या बाजूला, तळाच्या कोपऱ्यात, बारीक — 'मागे पाहा'.

खाली माझी नक्कल टाचलेली. तिच्यात ह्या पाच ओळी नाहीत.

संपादिकेला म्हटलं, माझा परिच्छेद काढा, हा घाला.

नकलेच्या खाली ह्यांनी त्या गहजबाच्या वेळी ऑफिसला लिहिलेलं पत्रही होतं. दोनच ओळी. "दोष नक्कल करणाऱ्याचा आहे असे समजू नये. नक्कल मी स्वतः तपासली होती; चूक सर्वस्वी माझी."

सव्वीस वर्षांत ह्यांनी माझी एकही नक्कल तपासली नाही.