स्वल्पविरामापुढचे नऊ

१० मार्च

धाकटी पहिली आली. जिम्नॅस्टिक्सच्या संघात निवड झाली. फोन थांबत नाहीत. बाबा प्रत्येकाला सांगतात, "गुणांचा प्रोग्रॅम आमची थोरलीच सांभाळते." थोरली आहे हे आज आठवलं त्यांना.

१२ मार्च

पंच गुण टाइप करतात, ते मजकूर म्हणून येतात, प्रोग्रॅम त्यांची दशांश संख्या करतो आणि बेरीज मारतो. परदेशातून आलेले एक पाहुणे पंच दशांशबिंदूऐवजी स्वल्पविराम देतात — त्यांच्याकडे तसंच लिहितात. प्रोग्रॅममधली रूपांतराची ओळ माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेली. स्वल्पविराम दिसला की ती तिथेच थांबते, हाती आलं तेवढं घेते, तक्रार करत नाही.

त्यांनी धाकटीला ८,१ दिले. दुसऱ्या आलेल्या उंच मुलीला ८,९. प्रोग्रॅमने दोघींचे ८ धरले.

धाकटी तीन दशांशांनी जिंकली. खरं म्हणजे पाच दशांशांनी हरली. पुन्हा पुन्हा तपासलं. तेच.

१३ मार्च

ओळ बदलली. आता नीट संख्या होत नसेल तर प्रोग्रॅम अडून बसतो. ऑफिसात साहेबांना निकाल चुकल्याचं सांगितलं.

"पुढच्या स्पर्धेला उपयोगी पडेल. झालेलं उकरू नका." मग हसून, "आणि मॅडम, फायदा तुमच्याच घरात गेलाय ना? मग दुखतंय कुठे?"

तिथेच.

१४ मार्च

जेवताना घरी सांगितलं. आधी घरी सांगावं, एवढी माझी माणुसकी.

बाबा म्हणाले, "एक पोरगी चमकली, तर दुसरीला तिच्यात खोट दिसते."

"तिच्यात नाही. प्रोग्रॅममध्ये."

"निकाल लागल्यापासून तुझं तोंड बघतेय मी," आई म्हणाली.

धाकटी ताटावरून उठली. खोलीचं दार आपटलं.

१५ मार्च

अबोला. तिच्या उड्या बघायला सगळं घर रांगेत बसायचं. मी गणितात पहिली आले तेव्हा बाबा म्हणाले होते, "बरं." आता खरं बोलले तर तो मत्सर. असेलही थोडा. त्याने बेरीज बदलत नाही.

सोमवारी निवड समितीकडे जाणार. साहेबांना न विचारता.

१७ मार्च

समितीच्या बाईंनी माझं बोलणं मध्येच थांबवलं. "तुमची बहीण शनिवारीच येऊन नाव मागे घेऊन गेली. आम्ही म्हटलं, आधी खात्री करू. तर म्हणाली, ताईने तपासलंय, आणखी काय खात्री करायची?"

घरी ती अजून माझ्याशी बोलत नाही.